कोटाच्या खिशातली भाकरी

कपाट आवरायला म्हणून मी कुंडलला गेले. माझ्या धाकट्या बहिणीच्या, शालूच्या सासूनं साताऱ्याला माणूस पाठवून निरोप दिला होता, "मनुबाईला म्हनावं, दोन दिस ये आनी बहिणीचं कपाट मोकळं करून दे. आमाला ती हात लावू देत न्हाई." अशा कामाला मला दोनदा बोलवावं लागत नाही. घरचे म्हणतात, हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी तिथल्या लोकांची धुणी घडी करायला बसेल. म्हणोत बापडे. विस्कटलेलं कपाट मला बघवत नाही, एवढं खरं.

शालूचा नवरा लालासाहेब पलटणीत होता. बेचाळीसच्या उन्हाळ्यात, तिकडं आफ्रिकेच्या वाळवंटात लढाई झाली आणि तो बेपत्ता झाल्याची तार आली. मेला असंही नाही, जिवंत असंही नाही. अडीच वर्षं घरानं वाट बघितली. आता येत्या अवसेला त्याचा विधी करायचं ठरलं होतं. देह सापडला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो विधी. पुतळ्यावर घालायला त्याच्या अंगावरचा एक कपडा लागणार होता, बाकीचे गोरगरिबांना द्यायचे होते. आणि विधी झाला की शालूचं कुंकू पुसायचं होतं.

स्टेशनावर उतरून बैलगाडीनं गावात पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. गुऱ्हाळं चालू होती, सगळ्या शिवारात काकवीचा गोडसर वास भरला होता. शालूच्या सासूबाई, बनुबाई, सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जी बाई उभी राहील, ती ही नव्हे. लेकाच्या काळजीनं अर्ध्या झाल्या होत्या.

"रोज पहाटं सपनात येतंय गं माजं पोरगं," त्या म्हणाल्या. "हिरीच्या काठाला बसतंय. व्हटं फुटल्यात. आई, पानी दे म्हनतंय. मी कळशी घिऊन गेलं की न्हाईसं हुतंय. त्याच्या नावानं पानी सोडल्याबिगर त्येला पोचायचं न्हाई, मनू. शाली म्हनती त्यो जित्ता हाय. जित्ता असता तर असा तानलेला आला असता व्हय?"

मी पाय धुतले आणि आत गेले.

शालूची खोली माजघराच्या मागं होती, आणि खोलीत निम्मी जागा त्या कपाटानं खाल्ली होती. पुण्याच्या छावणीतला कुणी गोरा साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याचं सामान लिलावात निघालं, त्यातून लालासाहेबानं हे हौसेनं घेतलं होतं. सागवानी, दोन दारांचं, भिंतीपासून वेगळं आपल्या चार पायांवर उभं. डावीकडं खण आणि उजवीकडं कपडे टांगायला दांडी. आमच्याकडं कपडे वलणीवर नाहीतर ट्रंकेत असायचे, त्यामुळं ते आलं तेव्हा गाव बघायला लोटलं होतं.

शालू खाटेवर बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कपाटाची किल्ली कमरेला खोचलेली, आणि तिच्यावर हात.

"आक्का, तूबी त्यांच्यातलीच का?"

"मी कुनाच्यातली न्हाई. कपडं आवराय आलीया. उघड."

आढेवेढे घेत तिनं कुलूप काढलं. डावीकडच्या खणात तिची लुगडी होती, ढिसाळ घड्यांची. लहानपणापासून हिला घडी जमली नाही, कितीदा कान धरून शिकवलं असेल. उजवीकडं दांडीवर त्याचे कपडे होते: चार-पाच सदरे, लेंगे, धोतर आणि थंडीतला जाड कोट. मी खालच्या फरशीवर चादर पसरली, द्यायचे इकडं, ठेवायचे तिकडं असं मनाशी ठरवलं आणि पहिला सदरा उचलला.

हात तिथंच थांबला. अडीच वर्षं बंद राहिलेल्या कपड्याला कुबट वास यायला हवा. या सदऱ्याला घामाचा वास येत होता, आणि तोही ताजा. गळपट्टीवर मळाची रेघ होती. काखेत बोटं घातली तर ओल लागली.

मी उठून खोलीचं दार लोटून घेतलं. त्या दिवसांत आमच्या मुलखात पत्री सरकारचा जोर होता, आणि कुंडल औंध संस्थानात असल्यामुळं इंग्रजांच्या पोलिसांना तिथं सहजी शिरता येत नसे. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात भूमिगत माणसं लपलेली असत. मला वाटलं, हेच.

"शाले, कुनाला लपवलंयस? भूमिगत असंल तर सांग. मी कुठं बोलनार न्हाई."

ती हसली. फार दिवसांनी हसल्यासारखी हसली.

"तेच हायत, आक्का. आपलं तेच."

मग तिनं सांगितलं. तार आल्यावर वर्षभरानं एकदा कपडे उन्हात घालायला काढले, तर एका सदऱ्याची गळपट्टी मळलेली. तिला वाटलं, आधी नीट धुतला नसेल. धुऊन, वाळवून परत टांगला. पुढच्या बाजाराच्या दिवशी बघते तर पुन्हा मळलेला. तेव्हापासून ती दर बाजाराला ते कपडे धूत होती, आणि दर बाजाराला ते मळत होते. कुणाला सांगितलं नाही. कपाटाला कुलूप लावलं, एवढंच.

"आनी ह्ये बघ." तिनं एक लेंगा माझ्या हातात दिला. नाडीची गाठ मारलेली होती. गाठ न सोडताच लेंगा उतरवलेला. मी त्या कमरेच्या घेरात हात घातला, तर माझे दोन पंजे घातल्यावर तो भरला. चार वर्षांच्या पोराचीही कंबर याहून मोठी असते.

"ह्यातनं मानूस भायेर कसा आला?" मी विचारलं.

"आदी घेर मोठा हुता. बारीक बारीक हुत आलाय…" तिनं लेंगा माझ्याकडून काढून घेतला आणि छातीशी धरला. "त्यास्नी कुटंतरी डांबून घातलंय, आक्का. खायाला घालत न्हाईत. मी रोज कोटाच्या खिशात भाकरी ठिवते. सकाळी नुस्ता चुरा ऱ्हातो. तेवढ्यावर जीव धरून हायत. आता कपडं वाटून टाकलं, तर मी भाकरी कुटं ठिवू? उपाशी मरत्याल गं ते. तू आत्याबाईस्नी सांग. तुजं ऐकत्यात त्या."

पोरीचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं, आणि आईच्या माघारी हिला मी सांभाळायला हवं होतं असंही वाटलं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? मी चुलीवरची एक भाकरी आणली. कोटाचे खिसे उलटे करून झटकले, भाकरी दुमडून आत ठेवली, माझ्या हातानं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कमरेला खोचली. खाट ओढून कपाटासमोर घेतली आणि दोघी तिच्यावर बसलो. बाहेर दुपारचं ऊन होतं. कुणाच्या तरी परसात धुणं आपटल्याचा आवाज येत होता.

बराच वेळ काही झालं नाही. मी म्हणणार होते, बघ, झालं समाधान? तेवढ्यात आत दांडीवर काहीतरी सरकलं. लाकडावर लाकूड हळू घासतं तसं. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा. मग भाकरीचा पापुद्रा मोडल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकण्यात बाईमाणसाची चूक होत नाही. कुणीतरी घास मोडत होतं, आणि घाईघाईनं मोडत होतं.

शालू उठली, दाराला गाल लावून उभी राहिली आणि पुटपुटली, "आवं… पोचली का?"

आतून टक् असा एक आवाज आला. बोटाच्या पेरानं ठोकावं तसा.

तिच्या तोंडावर जे सुख पसरलं ते मी तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं. तिनं माझ्या कमरेची किल्ली काढून दार उघडलं. आत कुणी नव्हतं. कपडे जरासे हलत होते. खिशात चुरा होता, आणि कोटाची पाठ अंगातून आत्ताच काढल्यासारखी गरम होती.

मी भूतखेत मानणारी बाई नव्हते. पण त्या दुपारी मी शालूच्या बाजूची झाले. माझा मेहुणा जिवंत आहे, कुठंतरी उपाशी आहे, आणि आपल्या घरची भाकरी त्याला पोचते आहे, यावर माझा विश्वास बसला. मी तशीच बाहेर गेले आणि बनुबाईंना म्हटलं, "मावशी, ही अवस जाऊ द्या. पुढल्या अवसेला बघू."

बनुबाई भिंतीला धरत उठल्या, आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत आल्या. मी चादरीवर टाकलेला मळका सदरा त्यांनी उचलला आणि नाकाशी धरला. मग डोळ्यांतून धारा लागल्या.

"माज्या लेकाचा घाम हाय ह्यो. आईला कळत न्हाई व्हय? बामनानं अंगावरचं, न धुतलेलं कापड मागितलंय. मी म्हनत हुते, आता कुटनं आनू."

"आत्याबाई, पाया पडते," शालूनं त्यांचे पाय धरले. "त्यो नगं. दुसरं काय बी न्या. माजं लुगडं न्या. मला जाळा, पर त्यो नगं…"

"येडे, तुला काय वाटतं, मला हौस हाय?" म्हाताऱ्या बाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरगं पान्यावाचून तळमळतंय माजं. तू त्येला जेवू घाल म्हनतीस. मेलेल्याला आदी पानी लागतं गं."

एकीला त्याला जगवायचं होतं, दुसरीला त्याला सोडवायचं होतं. दोघींची माया सारखीच. मी मध्ये उभी राहून कुणाचा हात धरणार होते?

अवसेला ओढ्याकाठी विधी झाला. बायका गेल्या नाहीत. पुरुषमाणसं परत आली ती सांगत होती की पुतळा भडभड पेटला, पण सदरा काही केल्या पेट घेईना, आतून ओला असल्यासारखा नुसता धुमसत राहिला. भटजींनी लालासाहेबाचं नाव घेऊन पाणी सोडलं. दहाव्याला पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. बनुबाईंनी हात जोडले. त्या दिवसापासून त्यांच्या स्वप्नात तो विहिरीकाठचा मुलगा यायचा थांबला.

शालूचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. त्याबद्दल मी काही सांगणार नाही. तिच्या आकांतानं बनुबाईही नरमल्या आणि बाकीचे कपडे कपाटातच राहू दिले. शालू रोज खिशात भाकरी ठेवत राहिली. सकाळी ती तशीच कडक होऊन पडलेली असायची. सदरे मळेनात. मी साताऱ्याला निघताना ती मला एवढंच म्हणाली, "आपन मारलं त्यास्नी, आक्का. जित्या मानसाला आपन जाळलं."

आणि दिवाळीच्या तोंडावर लालासाहेब चालत घरी आला.

बातमी कळल्यावर मी पहिल्या गाडीनं कुंडलला गेले. सोप्यात माणसं मावत नव्हती. हा मधोमध बसलेला, गालाला तुकतुकी, पोट सुटलेलं. तो वाळवंटात पकडला गेला होता, तिथून त्याला कैदी म्हणून इटलीत नेलं. तिथं गोंधळ माजला तेव्हा हा पळाला, आणि डोंगरातल्या एका शेतकऱ्यानं त्याला आपल्या गोठ्यात लपवला. त्यानं धाडलेल्या पत्रांतलं एकही घरी पोचलं नव्हतं. भटजी म्हणत होते, विधी झालेला माणूस परत आला की त्याचं पुन्हा बारसं करावं लागतं, जुनं नाव पाण्याबरोबर मेलेल्याला देऊन झालेलं असतं, ते नव्यानं ठेवावं लागतं, मग त्याला घरात घ्यायचं. बनुबाईंनी त्यांना हसून वाटेला लावलं. "नऊ म्हयनं पोटात वागवलाय. त्येला आनी दुसरं बारसं कशाला?" शालूच्या कपाळावर पुन्हा कुंकू होतं. मी देवापुढं साखर ठेवली.

जेवायला वाढताना शालूनं हळूच विचारलं, "आवं, भाकरी पोचत हुती न्हवं?"

"कुटली भाकरी?" तो हसायला लागला. "तीन वरसं भाकरीचं त्वांड बघितलं न्हाई. पर उपाशी एक दिस न्हाई ऱ्हायलो, आक्का. त्या शेतकऱ्याच्या म्हातारीनं लोनी आनी शेवया घालून घालून बैल केला माजा."

शालूच्या हातातली पळी आमटीत पडली.

जेवणं उरकल्यावर तिनं मला गोठ्याकडं नेलं. "मग मी कुनाला जेवू घालत हुते, आक्का?"

"तू कपाटापाशी काय म्हनायचीस? नाव घेऊन हाक मारायचीस?"

"धन्याचं नाव कसं घिऊ? आवं म्हनायचे. पयल्या दिसापासनं आवंच म्हनत आले."

सगळ्या मुलखातल्या बाया नवऱ्याला आवंच म्हणतात. ती हाक कुणाचीही असते. भुकेलं कुणी वाटेवरून जात असलं, तर तेही ओ देईल.

महिन्याभरानं शालूचा निरोप आला, लगेच ये. मी गेले आणि खाटेवरच्या माणसाला ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात. चार-चार भाकरी खायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. मिरजेहून डॉक्टर आणला, त्यानं छाती, पोट सगळं तपासलं, त्याला काही सापडलं नाही. शालूनं मला कपाट उघडून दाखवलं. सदरे पुन्हा घामेजले होते. लेंग्याच्या नाडीला पुन्हा गाठ होती, आणि आता घेर चांगला भरदार होता, लालासाहेब घरी आला तेव्हाच्या त्याच्या पोटाएवढा. भाकरी ठेवणं शालूनं केव्हाच बंद केलं होतं. कपाटातल्याला आता खिशातल्या भाकरीची गरज उरली नव्हती.

मी गड्याकडून कुऱ्हाड मागवली. "तुकडं करा आनी जाळा ह्येला," म्हटलं. गड्यानं पहिला घाव दाराला घातला आणि खाटेवर लालासाहेब कळवळून दुमडला. दुसऱ्या घावाला त्याच्या नाकातून रक्त आलं. बनुबाईंनी कुऱ्हाडीपुढं आपलं डोकं आणून ठेवलं. तिसरा घाव पडला नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही नुसत्या बसून होतो. लालासाहेबाला धाप लागली होती. बनुबाई देवापुढं बसल्या होत्या. मला एकच गोष्ट सुचत होती.

"शाले, नाव घे," मी म्हटलं. "मोठ्यानं घे. आवं म्हनून त्येला बोलवलंस, आता नाव घेऊन सांग की धनी त्यो न्हवं, ह्यो हाय."

"नाव घेतलं तर धन्याचं आयुक्ष कमी हुतं, आक्का…"

"आता काय कमी व्हायचं ऱ्हायलंय?"

दिवेलागण झाली होती. मी दिवा लावून कोनाड्यात ठेवला. कपाटाला कुलूप होतं, दारावर दोन घावांच्या पांढऱ्या खुणा. शालू खाट आणि कपाट यांच्या मध्ये उभी राहिली. तिनं नवऱ्याकडं तोंड केलं, हात जोडले आणि डोळे मिटले. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून हे नाव कधी बाहेर पडलं नव्हतं. दोनदा तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिसऱ्यांदा तिनं सगळा जीव एकवटून हाक मारली.

"लालासाहेब…"

"ओ," कपाटातून आवाज आला. भरल्या पोटाच्या माणसाचा, सावकाश.

शालू मागं वळली नाही. ती खाटेकडंच बघत होती, तो काहीतरी बोलेल म्हणून, नुसती मान हलवेल म्हणून. खाटेवरच्या माणसानं तिच्याकडं अनोळखी नजरेनं बघितलं. मग त्यानं मान माझ्याकडं वळवली, आणि परक्या घरी आलेला पाहुणा भीत भीत बोलतो तसं विचारलं,

"बाई, ह्यांचं धनी कपाटात कशापायी बसल्यात?"